लाळेतला पहारा आणि दिल्लीतली प्रयोगशाळा

२००८ साली ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’ या नियतकालिकात दिल्लीहून गेलेला एक शोधनिबंध छापून आला. अन्सारी नगरातल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एम्सच्या, जीवभौतिकी विभागात तेज पी. सिंह यांच्या गटाने हे काम केलं होतं. विषय होता लॅक्टोपेरॉक्सिडेझ या विकराची त्रिमितीय रचना. नाव दुधावरून पडलेलं असलं, तरी हे विकर आपल्या लाळेतही असतं आणि तोंडातल्या जिवाणूंना आवर घालण्याचं काम ते अखंड करत असतं. बाहेर आवारात देशभरातून आलेल्या रुग्णांच्या रांगा, आणि आत काही माणसं एका रेणूतले अणू कुठे कुठे बसले आहेत ते वर्षानुवर्षं शोधत होती. या कामाला दोनशे वर्षांची पूर्वपीठिका आहे. तिच्यात लंडनइतकीच बेंगळुरू आणि दिल्लीही आहे, म्हणून ती मराठीत सांगावीशी वाटते.

सुरुवात १८१४ सालची. गोटफ्रीड राइनहोल्ड ट्रेव्हिरानस या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाला दिसलं, की माणसाच्या लाळेत लोहाचा क्षार मिसळला की ती रक्तासारखी लाल होते. त्याने त्या अज्ञात पदार्थाला ‘रक्ताम्ल’ असं नाव देऊन टाकलं. तो पदार्थ म्हणजे थायोसायनेट. गंधक, कार्बन आणि नायट्रोजन अशा तीन अणूंचा हा साधा आयन. शरीरात आलेलं थोडंफार सायनाइड निष्प्रभ करताना यकृत तो तयार करतं, आणि कोबी, फुलकोबी, मोहरी या वर्गातल्या भाज्यांतूनही तो मिळतो. दिल्लीच्या हिवाळ्यातली सरसोंची भाजी असो की आपल्याकडची कोबीची, दोन्ही लाळेतल्या थायोसायनेटमध्ये भर घालतात. लाळग्रंथी रक्तातला हा आयन वेचून घेऊन लाळेत सोडतात, त्यामुळे रक्तापेक्षा लाळेत त्याचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. शरीर एवढा खटाटोप करून हा पदार्थ तोंडात कशाला आणून ठेवतं, याचं उत्तर मिळायला पुढे दीडशे वर्षं लागली.

मधल्या काळात लोकांचं लक्ष दुसऱ्याच विकराने वेधून घेतलं. १९२१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती. स्वतःच्या नाकातला शेंबूड त्याने जिवाणू वाढवायच्या बशीत टाकला. काही दिवसांनी पाहतो तर शेंबडाच्या आसपासच्या जिवाणूंच्या पिवळ्या वसाहती विरघळून गेलेल्या. मग त्याने अश्रू तपासले, लाळ तपासली, अंड्याचा पांढरा बलक तपासला. सगळीकडे तोच गुण सापडला. अश्रूंसाठी तो प्रयोगशाळेतल्या लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळत असे. १९२२ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि विकराला नाव मिळालं लायसोझाइम.

डॉक्टरांना मात्र त्यात फारसं काही वाटलं नाही. कारणही उघड होतं. लायसोझाइम ज्या जिवाणूंना झटपट विरघळवतं ते बहुतेक निरुपद्रवी असतात. खरे रोगकारक त्याला सहसा दाद देत नाहीत. या आक्षेपात मुद्द्याची उलटापालट झालेली आहे असं मला वाटतं. ज्या जिवाणूंवर लायसोझाइम इतकं सहज मात करतं, त्यांना आपल्या शरीरात रोग करता येत नाही, यामागे लायसोझाइमचाही वाटा असणारच. रोज जिंकली जाणारी लढाई कोणाच्या नोंदीत येत नाही. पुढे १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं आणि लायसोझाइम फ्लेमिंगच्या चरित्रातला आधीचा एक प्रसंग होऊन राहिलं.

रेणूंची रचना शोधणाऱ्यांनी मात्र त्याला पुन्हा पुढे आणलं. १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमची रचना क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. त्रिमितीय रचना कळलेलं ते जगातलं पहिलं विकर. १२९ अमिनो आम्लांची ती साखळी घड्या घालून अशी बसलेली दिसली की मधोमध एक खाच तयार व्हावी. जिवाणूच्या भिंतीतल्या शर्करेची साखळी त्या खाचेत अडकते आणि तिथेच तुटते. तरुण लुईस जॉन्सनने त्या खाचेत अडकलेला रेणू प्रत्यक्ष दाखवला. विकर काम कसं करतं हे त्याच्या आकारावरून वाचता येतं, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा सिद्ध झाली.

त्याच १९६५ साली अमेरिकेत सेमूर क्लेबनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने लाळेच्या जुन्या कोड्याचं उत्तर दिलं. दातांच्या किडीशी संबंध असलेल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंची वाढ लाळेमुळे खुंटते, हे आधीच्या काही वर्षांत लक्षात आलं होतं. क्लेबनॉफनी दाखवलं, की त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. लाळेतलं पेरॉक्सिडेझ विकर, थायोसायनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. यांतली एकही काढून घेतली तर परिणाम नाहीसा होतो. ट्रेव्हिरानसचं ‘रक्ताम्ल’ अखेर कामाला लागलेलं दिसलं. क्लेबनॉफ पुढे रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडे वळले आणि तिथेही तशाच एका नातलग विकराचं, मायलोपेरॉक्सिडेझचं, काम त्यांनी उघड केलं.

या यंत्रणेची खरी करामत तिच्या कच्च्या मालात आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड तोंडात येतं कुठून? त्याचा मोठा भाग तोंडातले जिवाणूच तयार करतात. दातांवर आणि गालांच्या आत राहणारे काही स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू शेजाऱ्यांना हटवण्यासाठी ते बाहेर सोडतात. लाळेतलं विकर हे पेरॉक्साइड उचलतं, त्याच्या जोरावर थायोसायनेटचं ऑक्सिडीकरण करतं आणि हायपोथायोसायनाइट नावाचा आयन तयार करतं. १९७० च्या दशकात या आयनाची ओळख पक्की झाली. हा आयन जिवाणूंच्या प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांवर जाऊन बसतो. साखर आत घेणारी आणि तिचं विघटन करणारी त्यांची विकरं त्यामुळे बंद पडतात. साखर पचली नाही की आम्ल होत नाही, आणि दाताच्या आवरणाला झिजवतं ते आम्लच. शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्या स्वतःच्या पेशींनाही घातक असतं. ते या अभिक्रियेत खर्ची पडतं. उरणारा हायपोथायोसायनाइट आपल्या पेशींना फारसा त्रास देत नाही. एकाच अभिक्रियेत जिवाणूंना आवर आणि हिरड्यांना संरक्षण, अशी ही व्यवस्था आहे.

आवर हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. या यंत्रणेमुळे बरेच जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते. तोंडात जिवाणूंच्या सुमारे सातशे जाती आढळल्या आहेत आणि एका मिलिलिटर लाळेत त्यांची संख्या कोटींमध्ये असते. एवढी वस्ती निपटून काढणं शक्य नाही आणि इष्टही नाही, कारण हे जुने रहिवासी बाहेरच्या रोगजंतूंना सहजी जागा देत नाहीत. दिवसभरात सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती या वस्तीला मर्यादेत ठेवते, गिळताना तिच्यातले कितीतरी जण जठरातल्या आम्लात नेऊन सोडते, आणि लायसोझाइम, पेरॉक्सिडेझ, लोह पकडून ठेवणारं लॅक्टोफेरिन, प्रतिपिंडं अशी सगळी कुमक एकत्र तोंडात पोचवते.

लाळेतलं पेरॉक्सिडेझ आणि दुधातलं लॅक्टोपेरॉक्सिडेझ माणसात एकाच जनुकापासून बनतात. दुधात ते भरपूर असतं. गाईच्या एका लिटर दुधात साधारण ३० मिलिग्रॅम. त्यामुळे अभ्यासकांनी लाळेच्या थेंबांमागे न लागता दूध हाती घेतलं. स्वीडनच्या ह्यूगो थिओरेल यांनी १९४३ मध्येच दुधातून या विकराचे शुद्ध स्फटिक मिळवले होते. पुढे १९५५ मध्ये त्यांना विकरांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. पण नुसते स्फटिक मिळणं वेगळं आणि अणू नेमके दाखवतील इतके सुबक स्फटिक मिळणं वेगळं. लायसोझाइमच्या १२९ अमिनो आम्लांसमोर हे विकर ५९५ अमिनो आम्लांचं. त्याच्या अंगावर शर्करेच्या साखळ्या असतात. त्या लवचीक असल्यामुळे रेणू एकमेकांशेजारी शिस्तीने रचले जात नाहीत. मायलोपेरॉक्सिडेझची रचना १९९२ मध्ये मिळाली. लॅक्टोपेरॉक्सिडेझची मात्र मिळेना.

ती दिल्लीत मिळाली, हा योगायोग नव्हता. ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांनी इन्शुलिनची रचना १९६९ मध्ये पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या गटात एम. विजयन हे भारतीय तरुण होते. विजयन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि तिथे त्यांनी स्फटिकशास्त्राची एक पिढी घडवली. वेदनाशामक औषधांच्या स्फटिकरचनांवर त्यांच्याबरोबर काम करणारे एक विद्यार्थी म्हणजे तेज पी. सिंह. सिंह पुढे जर्मनीत म्युनिकजवळ रॉबर्ट ह्यूबर यांच्या प्रयोगशाळेत गेले. ट्रिप्सिनोजेन या प्रथिनाच्या स्फटिकांवर अतिशीत तापमानात क्ष-किरण टाकले की काय दिसतं, यावरचा त्यांचा आणि ह्यूबर यांचा निबंध १९८० चा. ह्यूबर यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. सिंह तोवर भारतात परतून एम्समध्ये स्थिरावले होते. विजयन यांचेच आणखी एक विद्यार्थी, बेळगावचे दिनकर साळुंके, त्याच सुमारास दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत आले. प्रतिपिंडं परक्या रेणूंना कशी ओळखतात हा त्यांचा विषय. पुढे जैवतंत्रज्ञानाच्या प्रादेशिक केंद्राची उभारणी त्यांनी आधी गुडगाव आणि नंतर फरिदाबाद इथे केली. शरीराच्या संरक्षणाचं शास्त्र रेणूंच्या आकारातून वाचायचं, ही दृष्टी दिल्ली परिसरात अशी दोन ठिकाणी रुजली.

एम्समध्ये सिंह यांनी दुधातली संरक्षक प्रथिनं एकामागून एक हाती घेतली. पहिला मोठा टप्पा लॅक्टोफेरिनचा. हे प्रथिन अश्रूंत आणि लाळेतही असतं. जिवाणूंना वाढीसाठी लोह लागतं आणि लॅक्टोफेरिन ते आधीच पकडून ठेवतं. ज्या चिकाचा आपण खरवस करतो त्यात ते मुबलक असतं. माणसाच्या लॅक्टोफेरिनची रचना न्यूझीलंडमध्ये एडवर्ड बेकर यांनी १९८७ मध्ये शोधली होती. एम्सची उभारणीच न्यूझीलंडने कोलंबो योजनेतून दिलेल्या मदतीवर झालेली, त्यामुळे हा दुवा मला फार आवडतो. दिल्लीच्या गटाने घोडीच्या, म्हशीच्या आणि उंटिणीच्या दुधातलं लॅक्टोफेरिन अभ्यासलं. म्हशीच्या लॅक्टोफेरिनचे स्फटिक त्यांनी ३० अंश सेल्सिअसला वाढवले. प्रथिनांचे स्फटिक सहसा याहून बऱ्याच थंड तापमानात वाढवतात. १९९९ मधल्या त्या निबंधात असं दिसलं, की या स्फटिकांतल्या रेणूची दोन दलं एकमेकांशी निराळ्या कोनात बसलेली आहेत.

हे काम किती चिकाटीचं असतं याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. दुधातली मलई काढायची, केसीन साकळून वेगळं करायचं, उरलेल्या निवळीतून हवं ते प्रथिन स्तंभांमधून गाळत गाळत शुद्ध करायचं. मग त्याचे सूक्ष्म थेंब क्षारांच्या आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या निरनिराळ्या द्रावणांसोबत ठेवायचे आणि वाट पाहायची. बहुतेक थेंबांत काहीच होत नाही, काहींत नुसता गढूळ साका उरतो. एखाद्या थेंबात स्फटिक दिसला की तो काचेच्या केशनळीत किंवा बारीक फासात उचलून क्ष-किरणांपुढे धरायचा. पटावर उमटलेल्या हजारो ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणिताने इलेक्ट्रॉनांचा नकाशा काढायचा आणि त्या नकाशात अमिनो आम्लांची साखळी बसवत जायचं. एम्सच्या विभागात क्ष-किरणांची यंत्रणा होती, आणि हांबुर्गच्या क्रिश्चियन बेत्सेल यांच्याशी या गटाची दीर्घ भागीदारी होती.

लॅक्टोपेरॉक्सिडेझचं चित्र २००८ मध्ये उभं राहिलं ते २.४ अँगस्ट्रॉमच्या स्पष्टतेचं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. रेणू मुख्यतः सर्पिलाकार वळणांचा बनलेला आहे. त्याच्या पोटात खोलवर लोहाचा अणू धरणारा हीम गट बसला आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही हीम असतो, पण तिथे तो प्रथिनाशी असा घट्ट जोडलेला नसतो. इथे साखळीतल्या १०८ आणि २५८ व्या क्रमांकांच्या अमिनो आम्लांनी त्याला दोन्ही बाजूंनी रासायनिक बंधांनी बांधून ठेवलं आहे. हीमपर्यंत जायला पृष्ठभागावरून एक अरुंद वाट आहे. पेरॉक्साइड तिथून आत शिरतं, लोहाला ऑक्सिडीकृत अवस्थेत नेतं, आणि मागोमाग आलेलं थायोसायनेट त्या अवस्थेतून ऑक्सिजन घेऊन बाहेर पडतं.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, थायोसायनेट आत येऊन बसलेल्या अवस्थेतली रचना या गटाने ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त दिली. तीन अणूंचा तो सरळ काठीसारखा आयन हीमच्या वरच्या पोकळीत नेमका कसा टेकतो हे तीत दिसतं. मायलोपेरॉक्सिडेझमध्ये तो निराळ्या दिशेने बसतो. पांढऱ्या पेशीतलं विकर क्लोराइडपासून ब्लीचसारखं जहाल आम्ल बनवू शकतं, आणि लाळेतल्या विकराचा ओढा थायोसायनेटकडे असतो. एकाच घराण्यातल्या दोन विकरांच्या स्वभावातला हा फरक त्यांच्या पोकळीच्या घडणीत शोधता आला. त्याच वर्षीच्या आणखी एका निबंधात त्यांनी दाखवलं, की तयार झालेला हायपोथायोसायनाइट कधी कधी पोकळीतच अडकून राहतो आणि विकराचं काम थांबवतो. आपल्याच उत्पादनाने लगाम बसणारं हे विकर आहे.

२०१० मध्ये क्षयरोगावरचं आयसोनियाझिड हे औषध याच पोकळीत बसलेलं त्यांनी दाखवलं. हे औषध मुळात निष्क्रिय असतं. क्षयाच्या जिवाणूतलंच एक पेरॉक्सिडेझ त्याला जागं करतं आणि मग ते त्या जिवाणूचा घात करतं. क्षयाचे जगात सर्वाधिक रुग्ण असलेल्या देशात, तोंडातल्या विकराच्या अभ्यासातून ही वाट क्षयाच्या औषधापर्यंत पोचली. सिंह यांच्या सहकारी सुजाता शर्मा आणि पुनीत कौर यांनी विभागातलं हे काम पुढे चालू ठेवलं.

या ज्ञानाचा रुग्णाला काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. लाळ आटली की तिची किंमत कळते. मान आणि डोक्याच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या अनेकांच्या लाळग्रंथी कायमच्या दुबळ्या होतात. अशा रुग्णांचे चांगले दात काही महिन्यांत हिरडीच्या कडेने किडू लागतात, तोंडाला बुरशी येते, घास गिळवत नाही. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण आपल्याकडे इतकं मोठं आहे की ही व्यथा दिल्ली काय, मुंबई काय, प्रत्येक कर्करोग रुग्णालयात दिसते. दुधातून काढलेलं लॅक्टोपेरॉक्सिडेझ आणि लायसोझाइम घातलेल्या टूथपेस्ट आणि तोंडात लावायची जेल गेली काही दशकं बाजारात आहेत. चाचण्यांतून त्यांचा ठाम फायदा सिद्ध झालेला नाही, आणि तसं स्पष्ट सांगणंच योग्य. ज्या ठिकाणी दूध थंड ठेवायची सोय नाही तिथे याच यंत्रणेने कच्चं दूध काही तास टिकवायची पद्धत मात्र सिद्ध झाली. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कोडेक्स आयोगाने १९९१ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

आणखी एक गैरसमज इथे दूर करायला हवा. सिगारेट-विडीच्या धुरात सायनाइड असतं आणि यकृत त्याचं थायोसायनेट करतं, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांच्या लाळेत थायोसायनेट जास्त भरतं. यावरून कोणी त्यात फायदा शोधू नये. त्याच लोकांत हिरड्यांचे रोग जास्त आणि जास्त तीव्र असतात. रोज वारंवार साखर तोंडात घोळवणाऱ्याच्या दातांनाही कोणतंच विकर पुरं पडत नाही. लाळेची संरक्षक शक्ती मर्यादित आहे.

एम्सच्या गटाने ठरवलेल्या या विकराचे सगळे अणू कोणत्या जागी आहेत, ती आकडेवारी प्रोटीन डेटा बँकेत ‘टू आर फाइव्ह एल’ या क्रमांकाखाली ठेवलेली आहे. १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झालेलं हे भांडार सर्वांना विनामूल्य खुलं आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी तो क्रमांक टाकून रेणू पडद्यावर आणावा, मधला हीम मुलांना दाखवावा, आणि ही रचना दिल्लीत शोधली गेली हेही त्यांना सांगावं.